सहा मिलिमीटरचं सोवळं

चार्जर विकत घेणारा माणूस आधी तो तळहातावर तोलतो. मग वायर दोन्ही मुठींत धरून हलकेच ताणतो, जोडावरून नख फिरवतो, पिना हलवून पाहतो, आणि आजूबाजूला कोणी बघत नसेल तर नाकाशीही नेतो. या साऱ्या विधीतून त्याला नेमकं काय कळतं, हे त्याला विचारू नये. पत्रिका बघणाऱ्यालाही आपण ते विचारत नाही. एवढं झालं की तो विक्रेत्याकडे बघून एकच प्रश्न करतो, ‘‘चालेल ना?’’ विक्रेता म्हणतो, ‘‘चालेल की!’’ आणि व्यवहार पुरा होतो. मला या प्रश्नाची नेहमी गंमत वाटते. भिंतीतल्या विजेला चालायला शिकवावं लागत नाही. ती धावायला टपूनच बसलेली असते. चार्जरचं खरं काम तिला अडवण्याचं, वेसण घालून बेताबेतानं सोडण्याचं. पण ‘‘हा विजेला थांबवेल ना?’’ असं विचारणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही, आणि कोणी विचारलंच तर विक्रेता त्याला आधी बसायला स्टूल आणि प्यायला पाणी देईल.

मुंबईत या मालाची पंढरी म्हणजे लॅमिंग्टन रोड. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. पुढे रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं. पाटीवर ते आहेही, पण ग्रँट रोड स्टेशनाबाहेर कोणालाही विचारा, तो हात करून लॅमिंग्टनच दाखवतो. पाटीवर एक नाव आणि तोंडात दुसरंच, अशा रस्त्यावर दोन-दोन नावांचा माल शोभूनही दिसतो. तिथल्या गाळ्यांत आणि गाळ्यांपुढच्या फुटपाथवर चार्जरांची एक उतरंड नांदते. सर्वांत वर ‘ओरिजिनल’. त्याखाली ‘ओरिजिनल कॉपी’. मग ‘फर्स्ट कॉपी’, जिच्याविषयी विक्रेता हळवा होऊन बोलतो. आणि तळाशी ‘लोकल’, म्हणजे समुद्र ओलांडून आलेला. सोबत ‘चेकिंग वॉरंटी’ मिळते. ती तुमच्या देखत फोनवर चार्जिंगचं चिन्ह उमटलं की सुरू होते आणि तुम्ही पायरी उतरलात की संपते. विचार केला तर मनुष्यजन्माला मिळणारी वॉरंटी याहून फार निराळी नाही. एका गाळ्यात मी जरा जास्तच खोदून विचारलं, तेव्हा विक्रेता म्हणाला, ‘‘साहेब, दीडशेची वस्तू आणि अडीच हजारांची चौकशी!’’ त्यात राग नव्हता. एका हिशेबी माणसाला दुसऱ्याची कीव यावी, तसा तो सूर होता.

तोलण्याची सवय मात्र अगदीच बिनबुडाची नाही. आमच्या घरात पहिला मोबाइल आला तेव्हा त्याचा चार्जर फोनहून जड होता. काळा, चौकोनी, गंभीर. टेबलालगतच्या जुन्या सॉकेटमध्ये खोचला की तो स्वतःच्याच भारानं पुढे झुकायचा, आणि बाबा त्याच्याखाली रिकाम्या काडेपेट्या रचून त्याला टेकू द्यायचे. त्या वजनात लोखंड होतं. १८३१ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेनं लोखंडाच्या कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकातला प्रवाह सुरू किंवा बंद करताना दुसऱ्यात, कुठेही शिवलेलं नसताना, वीज क्षणभर जागी होते हे त्यानं पाहिलं. आमचा तो काळा ठोकळा म्हणजे त्या कड्याचा सरळ वंशज. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा येरझारा घालते, आणि इतक्या सावकाश येरझारांना पुष्कळ लोखंड लागतं. आजचा चार्जर तिला आधी सरळ करतो आणि मग सेकंदाला पन्नास-साठ हजार, कधी लाखभर वेळा तोडतो-जोडतो; एवढ्या घाईपुढे फॅरडेचं कडं आक्रसून अंगठ्याच्या पेराएवढं झालं. तेव्हा हलका चार्जर म्हणजे हलका माल, हे आता खरं राहिलेलं नाही. पण हे हाताला कोण सांगणार? डोकं नवी गोष्ट महिन्याभरात शिकतं. तळहात एक पिढी मागून चालतो, आणि अजून लोखंडच चाचपत असतो.

पुढे एका दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर मी मेलेला चार्जर उघडलेला पाहिला. ‘‘घरी उघडायचा नाही हां,’’ तो म्हणाला, ‘‘बंद केला तरी आतला कपॅसिटर डूख धरून बसतो.’’ चिमट्याच्या टोकानं त्यानं मला त्या नखभर मुलखाचा भूगोल समजावून दिला. एका बाजूला भिंतीतून येणारे २३० व्होल्ट. हा आकडाही सभ्यपणे सांगितलेला. लाटेचा माथा त्याहून बराच उंच असतो, आणि सरळ होऊन साठलेली वीज ३२५ व्होल्टांच्या आसपास दबा धरून असते. दुसऱ्या बाजूला ५ व्होल्ट, अगदी गरीब गाय. आणि या दोहोंच्या मध्ये, बोर्डाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक पट्टा मोकळा सोडलेला. तांब्याची रेघ नाही, सोल्डरचा थेंब नाही. चांगल्या चार्जरमध्ये हा पट्टा साधारण ६ मिलिमीटर किंवा त्याहून जास्तच असतो. काही जण तर तिथला बोर्ड कापून आरपार फट पाडतात, कारण धूळ आणि दमट हवा यांनी पाडलेल्या पाऊलवाटेवरूनही वीज रांगत पलीकडे जाऊ शकते. कोकणातल्या चार पावसाळ्यांत काय काय रांगत कुठे जातं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या फटीचं मोल सांगायला नको.

मला एकदम आजी आठवली. सकाळी ती कद नेसून स्वयंपाकघरात शिरली की उंबऱ्याच्या आत तिचं राज्य आणि बाहेर आमचं. द्यायचं ते वरून टाकायचं, घ्यायचं ते तिनं खाली ठेवल्यावर उचलायचं. शिवायचं नाही. तरी त्या उंबऱ्यावरून थालीपीठ यायचं, लोण्याचा गोळा यायचा, रागावणं यायचं, मायाही यायची. अडलं काहीच नाही. चार्जरमधला ट्रान्सफॉर्मर हेच करतो. दोन वेटोळी, एकमेकांना न शिवता, चुंबकाच्या वाटेनं देणंघेणं करणारी. जातिवंत मालात पलीकडच्या तारेला तीन पदरी आवरण असतं, मध्ये पिवळ्या पट्टीचे वेढे असतात. आणि पलीकडून ‘पुरे, आता कमी वाढ’ असा निरोप यायचा असेल तर पुष्कळदा तोही प्रकाशाच्या हाती येतो. ऑप्टोकपलर नावाच्या चार पायांच्या डबीत एक इवलासा दिवा असतो आणि त्याच्याकडे टक लावून बसलेला एक डोळा. बंद डबीतल्या काळोखात एकानं उजळायचं आणि दुसऱ्यानं ओळखायचं, आणि तो उजेडही अवरक्त, म्हणजे तिसऱ्या कोणाला न दिसणारा. इतकं संकोची प्रेमपत्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. माणसाला माणसापासून दूर ठेवणारं सोवळं गेलं, ते गेलं हे बरंच झालं. पण जाता जाता ते या प्लास्टिकच्या डबीत शिरून बसलं आहे आणि इथे मात्र त्याच्यावाचून चालत नाही, हे कळल्यावर आजीला काय वाटलं असतं कोण जाणे. बहुधा ती एवढंच म्हणाली असती, ‘‘मी सांगत नव्हते?’’

म्हणजे चार्जरमधली सर्वांत मोलाची वस्तू कोणती, तर तिथे नसलेली. ज्या शहरात खिडकीबाहेरची हवासुद्धा चौरस फुटांत मोजली जाते, तिथे हे पटायला कठीण. स्वस्त चार्जर बनवणारा काही दुष्ट नसतो. त्याला फक्त रिकामं बघवत नाही. सहा मिलिमीटर मोकळे दिसले की त्याचा जीव कळवळतो. एवढ्यात आणखी काही बसेल, डबी आणखी नखभर लहान होईल, पेटीत चार नग जास्त मावतील. मग पट्टा एक मिलिमीटरवर येतो, पिवळी पट्टी एका वेढ्यावर येते, तीन पदरी आवरणाच्या जागी नुसतं वार्निश येतं, फ्यूज येतच नाही. आणि इतकं सगळं वगळूनही चार्जर चालतो. वाईट तेच आहे, तो चालतो. फोन भरतो, दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश. अमेरिकेतले इलेक्ट्रॉनिक्सचे अभ्यासक केन शिरिफ यांनी २०१२ साली डझनभर चार्जर प्रयोगशाळेत तपासले होते. अस्सल आणि बनावट बाहेरून जुळे भाऊ, पण ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एकाची रेघ बरीच शांत आणि दुसऱ्याची भांडणाला उठल्यासारखी. पुढे २०१६ मध्ये यूएल या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेनं ॲपलच्या नावानं विकले जाणारे ४०० बनावट अडॅप्टर तपासले. उत्तीर्ण झाले ३. नापासांपैकी १२ तर असे बांधलेले, की त्यांचा झटका जिवावर बेतू शकला असता. त्याआधी २०१३ मध्ये खुद्द ॲपलनं एक योजना काढली होती: आपल्या चार्जरविषयी ज्याला शंका असेल त्यानं तो आणून द्यावा आणि अस्सल सवलतीत न्यावा. नुसत्या शंकेला बाजारात भाव मिळाल्याचं हे विरळा उदाहरण. आमच्या ओळखीत अशी कितीतरी माणसं आहेत, जी त्या योजनेत श्रीमंत झाली असती.

त्यांत पहिले बाबा. आणि त्यांच्या शंकेला कारणही होतं. सोवळ्यालाही एक सवलत असते, तशी या मोकळ्या पट्ट्यावरही एका कपॅसिटरला पूल म्हणून बसायची परवानगी असते. बहुधा निळा, टिकलीएवढा. त्या घाईघाईच्या तोडजोडीतून उठणारा विजेचा गोंगाट तो परत मागे पोचवतो. वाय वर्गाचा हा कपॅसिटर बिघडला तरी तुटून मोकळा व्हावा, जोडून बसू नये, अशा बेतानं घडवलेला असतो. त्याच्या जागी साधा, स्वस्तातला बसवला की पुलाचा भरवसा संपतो. पण चांगल्या पुलावरूनही चिमूटभर वीज पाझरतेच. नियमानं तिला पाव मिलिअँपिअरपर्यंत मुभा आहे. चार्जिंगला लावलेल्या धातूच्या फोनवरून बोट फिरवलं की जी शिरशिरी येते, धातूला बारीक लव फुटल्यासारखी, ती हीच. बाबांना ती जाणवली तेव्हा ते काही बोलले नाहीत. उठले आणि टेस्टर घेऊन आले.

मराठी घरात देव्हारा कुठे असावा याबद्दल मतभेद असतात, टेस्टर कुठे असतो याबद्दल नसतात. तो खणात, मेणबत्ती आणि जुन्या किल्ल्यांच्या शेजारी असतो. बाबांनी त्याचं टोक फोनच्या कडेला लावलं, मागच्या टोपणावर बोट ठेवलं, आणि आतला निऑनचा दिवा मंद केशरी उजळला. ‘‘करंट येतोय,’’ ते म्हणाले. मी त्यांना वाय कपॅसिटर सांगितला, पाव मिलिअँपिअर सांगितलं, हे चांगल्या चार्जरमध्येही होतं तेही सांगितलं. हवामानाचा अंदाज ऐकावा तसं त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘असेल,’’ म्हणाले, ‘‘पण दिवा लागला.’’ नंतर मी त्या टेस्टरकडे पाहत बसलो. फेजच्या भोकात तो घातला की २३० व्होल्ट आणि बाबांचं बोट यांच्यामध्ये काय असतं? तो दिवा, आणि दहा लाख ओहमांच्या आसपासचा एक रेझिस्टर. बस्स. आणि हा टेस्टर बाबांनी कुठून घेतला, तर फुटपाथवरून, वीस रुपयांना, तळहातावर तोलून. दीडशेच्या चार्जरवर अविश्वास दाखवताना ते वीस रुपयांच्या टेस्टरवर निर्धास्त जीव ठेवतात. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. माणसाच्या विश्वासाला कुठेतरी पाठ टेकायला भिंत लागते, आणि ती भिंत ठोकून पाहू नये.

हलक्या चार्जरचे प्रताप नेहमी भयंकरच असतात असं नाही. फोनचा पडदा आपल्या बोटाची सूक्ष्म विद्युत चाहूल घेऊन स्पर्श ओळखतो. चार्जरचा गोंगाट फार झाला की त्याला भास होऊ लागतात. मग कोणी हात न लावता पानं उलटतात, अक्षरं उमटतात. माझ्या फोननं अशाच एका दुपारी, टेबलावर एकटा पडलेला असताना, आत्यानं कैक वर्षांपूर्वी टाकलेला तिच्या तुळशीवृंदावनाचा फोटो शोधून काढला आणि त्याला बदाम दिला. संध्याकाळी तिचा फोन आला. ‘‘आठवण ठेवलीस हो माझ्या तुळशीची,’’ म्हणाली, आणि मग तासभर बोलत राहिली: गुडघे, पाणीकपात, कोणाचं कुठे ठरलं. ज्या कपॅसिटरच्या काटकसरीनं हे घडलं, त्याची किंमत काही पैसे असेल. तो चार्जर मी त्याच रात्री बाद केला, पण त्याच्याविषयी वाईट बोलायला माझी जीभ अजून रेटत नाही.

तर मग ओळखायचं कसं? उघडून बघायचं नाही, वजनावर जायचं नाही. उरतं ते वाचन. आपण पोथ्या वाचल्या, जाहिराती वाचल्या, पण चार्जरच्या पाठीवरचं ते करड्या रंगाचं, मुंगीच्या पावलांचं लिखाण कधी वाचत नाही. तिथे चौकोनात चौकोन काढलेला असतो. दुहेरी आवरण आहे, अर्थिंगची गरज नाही, असा त्याचा दावा. तिथे आयएस १३२५२ यासारखा मानकाचा क्रमांक असतो. आणि तिथे भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असतो, ‘आर’ हे अक्षर, आडवी रेघ आणि पुढे आठ आकडे. २०१२ च्या आदेशानं सुरू झालेल्या सक्तीच्या नोंदणीत चार्जरही येतात. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो क्रमांक घातला की नोंद कोणत्या कंपनीची, कोणत्या मालाची, ते दिसतं. चार्जरवरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं तर ठीक. काही वेळा चार्जरच्या क्रमांकावर भलत्याच वस्तूची नोंद निघते. आठ आकडे छापायला कोणाची परवानगी लागते? नक्कल करणारा सगळं छापतो. फक्त शुद्धलेखनात तो कच्चा असतो. ‘अडॅप्टर’ या शब्दातली इंग्रजी अक्षरं जागा बदलून बसलेली मी पाहिली आहेत, आणि तेव्हा शाळेतल्या बाईंची फार आठवण झाली. शुद्धलेखनानं कधी जीव वाचेल, हे त्यांनीसुद्धा आम्हांला सांगितलं नव्हतं.

‘चांगल्या कंपनीचाच घ्यावा’ हा सल्ला सोपा आहे, आणि तो देणाऱ्याच्या घरी बहुधा तीन चार्जर जास्तीचे पडलेले असतात. २०२० मध्ये ॲपलनं पर्यावरणाचं कारण सांगून नव्या फोनच्या खोक्यातून चार्जर काढला. मागोमाग इतरांनीही आपापल्या महागड्या फोनची खोकी सडपातळ केली. पण चहाच्या टपरीवर मालकाच्या परवानगीनं एकुलत्या प्लगला फोन लावून उकिडवा बसलेला डिलिव्हरीचा मुलगा पाहिला, की वाटतं, याच्यासाठी चार्जर ही निवड नाहीच. बॅटरी संपली की त्याची दुपारची कमाई संपते. समोरच्या पालावर दीडशेत मिळतो तो त्याचा चार्जर. त्यानं तो तोलला, वायर ताणली, ‘चालेल ना’ विचारलं. ज्याला एवढंच परवडतं त्याच्या वाट्याला ती सहा मिलिमीटर मोकळी जागा येऊ नये, आणि ज्याच्या घरात खोल्या रिकाम्या आहेत त्याच्या चार्जरमध्ये मात्र ती असावी, हे मला फुटपाथवर उभं राहून पटत नाही. दोष त्याच्या पारखीत नाही. त्याच्या तळहातानं पारखायचं राहील असं काही त्याच्यापर्यंत पोचताच कामा नये; ती नोंदणी, ते आठ आकडे, ती खरी त्याच्यासाठी आहेत.

घरात मी आता नोंदणीवाला, नाव जुळलेला, शुद्ध लिहिलेला चार्जर आणून ठेवला आहे. बाबांनी त्याला हात लावून पाहिला, तोही पालथा, कारण झटका बसला तर मूठ वस्तूभोवती आवळत नाही, सुटते. हे त्यांना कोणा जुन्या वायरमननं शिकवलेलं. गरम नव्हता. आकडे ॲपमध्ये दाखवले तेही पाहिले. मग विचारलं, ‘‘आणि त्या ॲपला कोणी सांगितलं?’’ रोज रात्री ते झोपण्याआधी घरभर फिरून एकेक खटका वर करतात. पुष्कळ देशांत सॉकेटला खटकाच नसतो. आपल्याकडे तो प्रत्येकाच्या शेजारी असतो, आणि तो फेजच्याच तारेवर आहे ना, हे बाबांनी वीस रुपयांच्या टेस्टरनं केव्हाच पाहून ठेवलं आहे. मी पूर्वी यावर कुरकुरायचो. आता मला ठाऊक आहे की खटका वर गेला की आत दोन पट्ट्या एकमेकींपासून काही मिलिमीटर दूर होतात आणि मध्ये नुसती हवा राहते. एखाद्या कारखान्यानं जी जागा सोडायची टाळली असेल, ती बाबा दर रात्री स्वतःच्या बोटानं सोडतात. सकाळी माझा फोन अर्धपोटीच उठतो. बाकी घर मात्र उठतं.